हाडांच्या प्रतीपासून ‘नरक-जोसॉन’पर्यंत : शिकलेला कोरियन माणूस देश का सोडतो?

१/
इ. स. ६२१. कोरियन द्वीपकल्पाच्या आग्नेय भागातील सिल्ला राज्यातून एक तरुण कुणालाही न सांगता चीनकडे निघालेल्या जहाजावर चढला. त्याचे नाव सॉल गे-दू. घराणे अधिकाऱ्यांचे, अन्नवस्त्राची ददात नव्हती. तरीही तो निघाला. सिल्लात माणसाची निवड करताना आधी त्याचे ‘हाड’ पाहतात, त्यामुळे अंगी कितीही कर्तृत्व असले तरी काही उपयोग होत नाही, अशी त्याची तक्रार होती. मित्रांसोबत मद्यपानाला बसला असताना त्याने ती बोलून दाखवली, असे ११४५ साली सिद्ध झालेल्या ‘सामगुक सागी’ या इतिहासग्रंथात नोंदवले आहे.

२/
६४५ मध्ये तांग सम्राट ताइझोंगने गोगुर्यो राज्यावर स्वारी केली, तेव्हा सॉल गे-दू त्याच्या सैन्यात लढता लढता पडला. हा परका वीर कोण, अशी सम्राटाने चौकशी केली. हकिकत कळताच त्याने आपला झगा काढून मृतदेहावर पांघरला आणि त्या तरुणाला मरणोत्तर सेनापतिपद बहाल केले.

आज दक्षिण कोरिया श्रीमंत देशांच्या पंक्तीत बसतो. मूळ कोरियन वंशाचे सुमारे ७० लाख लोक तरीही देशाबाहेर राहतात आणि उच्चशिक्षित तरुणांत बाहेर जाण्याची ओढ ओसरलेली नाही. ‘पैशासाठी जातात’ हे उत्तर सोपे आहे, पण ते पुरे पडत नाही. या धाग्यात त्याचाच मागोवा.

३/
आधी ते ‘हाड’ म्हणजे काय ते पाहू. सिल्लातील ‘गोलपुम’ या व्यवस्थेचा शब्दशः अर्थ हाडांची प्रत. सर्वांत वर ‘पवित्र हाड’ आणि ‘खरे हाड’ हे राजकुळाशी संबंधित दोन वर्ग. त्यांच्या खाली सहावी, पाचवी, चौथी अशा उतरत्या शीर्ष-श्रेणी. राज्यकारभारात १७ पदे होती. त्यांतील पहिली पाच वरच्या हाडांसाठी राखीव. सहाव्या शीर्ष-श्रेणीतील माणूस कितीही विद्वान असला तरी सहाव्या, म्हणजे ‘आछान’ या पदापाशी त्याची वाटचाल थांबे. घर केवढे बांधावे, कापड कोणते नेसावे, हेसुद्धा जन्मावर ठरे. ही रचना मराठी वाचकाला फार समजावून सांगावी लागणार नाही.

४/
अशा वेळी हुशार मुलांनी समुद्रापलीकडे पाहिले. तांग साम्राज्यात परदेशीयांना राजपरीक्षेला बसण्याची सोय होती. ८३७ साली सिल्लाचे दोनशेहून अधिक विद्यार्थी तेथे शिकत होते. त्या परंपरेतला सर्वांत नामांकित विद्यार्थी म्हणजे छ्वे छि-वॉन. तो ८६८ मध्ये वयाच्या बाराव्या वर्षी निघाला. दहा वर्षांत परीक्षा उत्तीर्ण झाला नाहीस तर माझा मुलगा म्हणवून घेऊ नकोस, अशी तंबी वडिलांनी निघताना दिली होती. ८७४ मध्येच तो उत्तीर्ण झाला, तांग प्रशासनात अधिकारी झाला आणि बंडखोर ह्वांग छाओविरुद्ध त्याने लिहिलेल्या जाहीरनाम्याने त्याच्या लेखणीचा चीनभर बोलबाला झाला.

५/
८८५ मध्ये छ्वे मायदेशी परतला. राज्य पोखरत चालले होते, शेतकरी बंड करत होते. ८९४ मध्ये त्याने राणी जिनसॉंगला दहा कलमी सुधारणापत्र सादर केले. राणीने ते वाचून संतोष व्यक्त केला आणि त्याला आछान हे पद दिले. म्हणजे त्याच्या जन्माला जेवढे शक्य होते तेवढे सर्व दिले, आणि सुधारणा मात्र झाल्या नाहीत. छ्वे हळूहळू राजकारणातून बाजूला झाला, भटकत राहिला आणि अखेर हाएइन्सा या बौद्ध मठाच्या परिसरात स्थिरावला. ९३५ मध्ये सिल्लाचा अंत झाला. सुधारणापत्राचा मजकूर काळाच्या ओघात नष्ट झाला आहे.

६/
पुढच्या गोर्यो राजवटीने धडा घेतला. ९५८ मध्ये राजा ग्वांगजोंगने गुणवत्तेवर आधारित राजपरीक्षा सुरू केली. ती सुचवणारा श्वांग जी हा चीनमधून येऊन स्थायिक झालेला विद्वान होता. जोसॉन काळात (१३९२ ते १९१०) ही परीक्षा समाजजीवनाचा कणाच बनली. दर तीन वर्षांनी होणाऱ्या मुख्य परीक्षेतून अवघे ३३ जण निवडले जात. अधूनमधून होणाऱ्या विशेष परीक्षा धरूनही पाच शतकांत उत्तीर्ण झालेले सुमारे १५ हजार. उपपत्नीच्या मुलांना या परीक्षेचे दार बंद होते. विद्येने माणूस वर चढतो आणि चढायची शिडी एकच असते, या दोन्ही समजुती कोरियन मनात इथे खोलवर रुजल्या.

७/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दारे किलकिली झाली. १८८३ च्या शिष्टमंडळासोबत अमेरिकेला गेलेला यू किल-छुन तेथे शिकणारा पहिला कोरियन विद्यार्थी ठरला. १८८५ मध्ये परतताच तो नजरकैदेत पडला, आणि पाश्चात्त्य जगाची ओळख करून देणारा आपला ग्रंथ त्याने त्याच काळात लिहिला.

सॉ जे-पिलची कथा याहून कठोर आहे. १८८४ चा सुधारणावाद्यांचा उठाव तीन दिवसांत चिरडला गेला, त्याच्या कुटुंबाची वाताहत झाली आणि तो अमेरिकेत पोहोचला. १८९० मध्ये नागरिकत्व, १८९२ मध्ये वैद्यकीय पदवी. परतून १८९६ मध्ये त्याने हांगुल लिपीत ‘तोंगनिप सिन्मुन’ हे वृत्तपत्र काढले. दोनच वर्षांत त्याला पुन्हा देश सोडावा लागला.

८/
१९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला. संपूर्ण द्वीपकल्पात १९४५ पर्यंत विद्यापीठ एकच होते, १९२४ साली स्थापन झालेले केइजो साम्राज्य विद्यापीठ. त्यातही बहुसंख्य विद्यार्थी जपानी. उच्च शिक्षण हवे असेल तर परदेश, बहुधा जपानच, गाठणे भाग होते.

यी ते-ग्यू हा रसायनशास्त्रज्ञ त्याच वाटेने गेला. १९३१ मध्ये क्योटो साम्राज्य विद्यापीठातून त्याने डॉक्टरेट मिळवली. स्वातंत्र्यानंतर तो सोलला परतला आणि नव्या राष्ट्रीय विद्यापीठात अधिष्ठाता झाला. परंतु विद्यापीठाच्या रचनेवरून पेटलेले वाद, डाव्या-उजव्यांचा संघर्ष आणि प्रयोगशाळांची दैना यांत संशोधन कुठले व्हायला? १९४८ मध्ये तो अमेरिकेतील युटा विद्यापीठात गेला. त्याचे नाव लक्षात ठेवावे. तो या धाग्यात पुन्हा भेटेल.

९/
१९४५ मध्ये चारपैकी तीनहून अधिक कोरियन प्रौढ निरक्षर होते. युद्धाने देश बेचिराख केला, पण त्याच काळात एक वेगळी गोष्ट घडत होती. जमीन सुधारणांमुळे जुन्या जमीनदारांचे वर्चस्व मोडले होते. कुणाकडेच फारसे काही उरले नव्हते, त्यामुळे मुलांचे शिक्षण ही एकच गुंतवणूक सर्वांच्या आवाक्यात होती. शेतकऱ्यांनी गोठ्यातले बैल विकून मुलांच्या शुल्काची सोय केली. विद्यापीठे ही विकलेल्या बैलांच्या हाडांवर उभी आहेत, अशी उपहासाची भाषा कोरियनमध्ये त्यातूनच आली. पदवीधर वाढले, त्यांना सामावून घेणारे कारखाने, रुग्णालये, प्रयोगशाळा मात्र अजून उभ्या राहायच्या होत्या.

१०/
ही दरी सरकारने एका करारात रूपांतरित केली. डिसेंबर १९६३ मध्ये पश्चिम जर्मनीशी खाणकामगार पाठवण्याचा करार झाला. १९७७ पर्यंत सुमारे ८ हजार खाणकामगार आणि सुमारे १० हजार परिचारिका जर्मनीत गेल्या. सुरुवातीच्या तुकड्यांत अनेक पदवीधर होते. त्यांनी उभ्या आयुष्यात फावडे हाती धरले नव्हते. डिसेंबर १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष पाक जुंग-ही ड्यूसबर्गजवळच्या हाम्बोर्न खाणीत त्यांना भेटायला गेले, तेव्हा वक्ते आणि श्रोते दोघांच्याही डोळ्यांत पाणी होते.

करार संपल्यावर परत जाण्याचा दबाव आला, तेव्हा परिचारिकांनी सह्यांची मोहीम उभारून जर्मनीत राहण्याचा हक्क मिळवला. देशाने परकीय चलनासाठी पाठवलेल्या या स्त्रिया आता स्वतःचा निर्णय स्वतः घेत होत्या.

११/
दुसरे दार अमेरिकेने उघडले. १९६५ च्या कायद्याने वंशाधारित कोटा रद्द होऊन कौशल्य आणि कौटुंबिक नाते यांना प्राधान्य मिळाले. मुंबई-पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून अनेक डॉक्टर अमेरिकेला गेले ते याच कायद्यामुळे. कोरियातूनही डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माते निघाले. १९७० च्या जनगणनेत अमेरिकेत सुमारे ७० हजार कोरियन होते. १९९० मध्ये ही संख्या ८ लाखांच्या घरात गेली.

१२/
या स्थलांतराची किंमतही होती. भाषेची अडचण आणि मायदेशातील पदवीला मान्यता नसणे, यांमुळे कित्येक पदवीधरांनी भाजीची, किराण्याची, कपडे धुण्याची दुकाने थाटली. पहाटे बाजारातून माल उचलायचा, रात्री उशिरा गल्ला मोजायचा आणि मुलांना चांगल्या विद्यापीठात पाठवायचे. एप्रिल १९९२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये दंगल उसळली, तेव्हा कोरियन मालकीच्या दोन हजारांहून अधिक व्यवसायांचे नुकसान झाले. पोलिसांचे संरक्षण कोरियन वस्तीपर्यंत पोहोचलेच नाही. परदेश म्हणजे मुक्ती, या कल्पनेला त्या दिवसांत मोठा तडा गेला.

१३/
काहींच्या बाबतीत प्रश्न पोटाचा नव्हता, सत्तेचा होता. संगीतकार यून इ-सांग पश्चिम बर्लिनमध्ये राहून रचना करत होते. १९६७ मध्ये दक्षिण कोरियाच्या गुप्तचर यंत्रणेने त्यांना तेथून पळवून सोलला आणले, उत्तर कोरियाशी संधान बांधल्याच्या आरोपावरून खटला चालवला आणि तुरुंगात टाकले. जगभरातील संगीतकारांनी निषेध नोंदवला. १९६९ मध्ये सुटका झाल्यावर ते जर्मनीला परतले आणि १९७१ मध्ये त्यांनी तेथील नागरिकत्व घेतले. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर मायभूमीचे दर्शन घडले नाही. त्यांचे अवशेष समुद्रकाठच्या तोंगयॉंग या गावी पोहोचले ते २०१८ मध्ये.

१४/
याच हुकूमशाही राजवटीने दुसरीकडे एक दूरदर्शी पाऊल उचलले, हा इतिहासातील अंतर्विरोध नजरेआड करता येत नाही. १९६५ मधील पाक-जॉन्सन भेटीनंतर १९६६ मध्ये कोरियन विज्ञान व तंत्रज्ञान संस्था, म्हणजेच ‘किस्ट’, स्थापन झाली. पहिले प्रमुख छ्वे ह्यॉंग-सॉप हे स्वतः अमेरिकेत धातुशास्त्र शिकून आलेले. त्यांनी परदेशी स्थिरावलेल्या कोरियन शास्त्रज्ञांच्या मुलाखती घेतल्या आणि पहिल्या फेरीत अवघे १८ जण निवडले. त्यांना राष्ट्रीय विद्यापीठातील प्राध्यापकांपेक्षा कितीतरी अधिक पगार, राहायला घर आणि मुख्य म्हणजे संशोधनात स्वायत्तता देण्यात आली.

१५/
१९७१ मध्ये विज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. तीच पुढे ‘काइस्ट’ म्हणून नावारूपाला आली. आणि १९७३ मध्ये तेथे अध्यापनासाठी कोण परतले? पंचवीस वर्षांपूर्वी वैतागून युटाला गेलेले यी ते-ग्यू. दरम्यानच्या काळात त्यांचे नाव द्रवांच्या प्रवाहाविषयीच्या ‘री-आयरिंग सिद्धांता’मुळे जगभर झाले होते. १९९२ मध्ये निधन होईपर्यंत ते कोरियातच राहिले.

१९४८ चा माणूस आणि १९७३ चा माणूस एकच. देशप्रेम मधल्या काळात कमी-जास्त झाले असे मानायला आधार नाही. बदलली होती ती देशातील जागा; त्याला काम करता येईल अशी प्रयोगशाळा आता तिथे होती.

१६/
हीच पद्धत उद्योगांनी उचलली. १९८० च्या दशकात सॅमसंगने अर्धवाहक उद्योगात उडी घेतली, तेव्हा अमेरिकेत शिकलेले आणि तेथील कंपन्यांत अनुभव घेतलेले कोरियन अभियंते बोलावले. आयबीएममधून १९८५ मध्ये आलेले जिन दे-जे हे त्यांपैकी ठळक नाव. ते पुढे देशाचे माहिती व दळणवळण मंत्रीही झाले. ज्याला एकेकाळी बुद्धीची गळती म्हटले गेले, तीच जणू परदेशात ठेवलेली ठेव ठरली. मात्र ठेव आपोआप परत येत नाही. ती परत आणण्यासाठी राज्य आणि उद्योग या दोघांनी पैसा, अधिकार आणि प्रतिष्ठा मोजली.

१७/
१ जानेवारी १९८९ पासून परदेशप्रवास सर्वांना खुला झाला. देश श्रीमंत आणि लोकशाहीवादी होत होता. मग ओढ संपायला हवी होती. झाले उलटेच. १९९० मध्ये शालेय शिक्षण संपवणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढच्या शिक्षणाला जात. नवी विद्यापीठे काढण्याचे नियम शिथिल झाल्यावर २००८ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांवर गेले. नेमके त्याच काळात, १९९७ च्या अखेरीस, आर्थिक संकट कोसळले. नाणेनिधीच्या अटींसह मदत आली, बेकारीचे प्रमाण एका वर्षात सुमारे २.६ वरून ७ टक्क्यांवर गेले आणि जन्मभराची नोकरी ही कल्पना इतिहासजमा झाली. २००३ मध्ये एका दूरचित्रवाणी खरेदी वाहिनीने कॅनडाला स्थलांतर करण्याची योजनाच विक्रीला ठेवली. दीड तासाच्या आत सुमारे हजार जणांनी नोंदणी केली; त्यांत विशी-तिशीतील लोक मोठ्या संख्येने होते.

१८/
संकटानंतर नोकऱ्यांचे दोन जग झाले. एकीकडे मोठे उद्योगसमूह आणि सरकारी सेवा, दुसरीकडे लहान कंपन्या आणि कंत्राटी कामे. पहिल्या जगात प्रवेश मर्यादित. इच्छुक मात्र जवळजवळ सगळी पिढी. आज २५ ते ३४ वयोगटातील सुमारे ७० टक्के कोरियन उच्चशिक्षित आहेत, हे प्रमाण विकसित देशांत सर्वाधिक आहे. नोव्हेंबरमधील विद्यापीठ प्रवेश परीक्षेच्या दिवशी इंग्रजीच्या श्रवण चाचणीवेळी विमानांची उड्डाणेही थांबवली जातात. जोसॉनची एकच शिडी नव्या रूपात उभी आहे, आणि आता तिच्यावर सारा देश चढू पाहतो.

शिडीचा ताण टाळायचा म्हणून मुलांना लहानपणीच परदेशी शाळांत धाडण्याची लाट आली. २००६ या एका वर्षात सुमारे २९,५०० शालेय विद्यार्थी बाहेर गेले. आई मुलांसोबत, बाबा एकटे सोलमध्ये कमावतात. त्यांना ‘हंस-बाबा’ म्हणतात, कारण वर्षातून एखाद्या वेळी ते ऋतुमानाप्रमाणे उडत कुटुंबाकडे जाऊन येतात.

१९/
२०१५ च्या सुमारास तरुणांनी देशाला नाव दिले, ‘हेल जोसॉन’, म्हणजे नरक-जोसॉन. गणराज्याऐवजी जुन्या राजवटीचे नाव वापरण्यात सारा रोष आहे. पुन्हा जन्मच सगळे ठरवतो, असे त्यांचे म्हणणे. सोन्याचा चमचा घेऊन जन्मलेले आणि मातीचा चमचा घेऊन जन्मलेले, अशी नवी वर्गवारी त्याच वेळी रूढ झाली. सिल्लाचे हाड आणि आजचा चमचा यांत फरक आहे. कायद्याने आज कुणालाही अडवलेले नाही. पण ज्याला अडल्यासारखे वाटते, त्याची भाषा तेराशे-चौदाशे वर्षांनंतरही ओळखीची वाटते.

त्याच वर्षी जांग कांग-म्यॉंग यांची एक कादंबरी गाजली. तिचे शीर्षकच ‘कोरिया आवडत नाही म्हणून’ अशा अर्थाचे आहे. तिची नायिका ऑस्ट्रेलियाला जाते. ती स्त्री आहे, यालाही अर्थ आहे. स्त्री-पुरुषांच्या वेतनातील तफावत कोरियात सुमारे ३० टक्के, विकसित देशांत सर्वाधिक. २०१८ पर्यंत कामाचा आठवडा कायदेशीररीत्या ६८ तासांपर्यंत ताणता येई. त्या वर्षी मर्यादा ५२ वर आली. २०२३ मध्ये जननदर ०.७२ इतका खाली गेला. जे देश सोडत नाहीत, त्यांतले अनेक जण कुटुंब वाढवण्याचा विचार सोडून देतात.

२०/
राज्यकर्त्यांना हे कळते का? मार्च २०१५ मध्ये आखाती देशांच्या दौऱ्यावरून परतलेल्या राष्ट्राध्यक्ष पाक गुन-हे यांनी तरुणांना मध्यपूर्वेत नोकऱ्या शोधण्याचा सल्ला दिला. त्यांच्या वडिलांच्या कारकिर्दीत कामगारांनी आखातात राबून परकीय चलन आणले होते. पण या वेळी उत्तरादाखल उपहासच आला. काम मिळत नाही, एवढीच या पिढीची तक्रार नव्हती.

२०२४ मध्ये सरकारने संशोधन व विकासाच्या तरतुदीत सुमारे १५ टक्के कपात केली. त्या वर्षी फेब्रुवारीत काइस्टच्या पदवीदान समारंभात राष्ट्राध्यक्ष बोलत असताना या कपातीविरुद्ध ओरडणाऱ्या एका पदवीधराला सुरक्षारक्षकांनी सभागृहातून उचलून बाहेर नेले. पुढच्या वर्षी तरतूद वाढवण्यात आली. मात्र परत यायचे की नाही याचा विचार करणाऱ्या संशोधकांनी ते दृश्य पाहिलेच होते.

२१/
आता मूळ प्रश्न. जन्माची अट, सत्तेचा धाक, दारिद्र्य आणि एकच अरुंद शिडी, अशी कारणे काळानुसार बदलत गेली. समान धागा एवढाच की, शिक्षणाने माणसाच्या अपेक्षा वाढवल्या आणि त्या सामावणारी जागा देशात वेळेवर तयार झाली नाही. म्हणून दारिद्र्य सरले तरी प्रस्थान थांबले नाही.

जाणाऱ्यांना देशद्रोही म्हणण्याची प्रथा कोरियातही आहे. ती इतिहासाला धरून नाही. वृत्तपत्र, प्रयोगशाळा, चिप कारखाना, यांतले बरेच काही जाऊन परतलेल्यांनी उभे केले. तसेच, गेलेले सगळे सुखी झाले असेही नाही. किराणा दुकानामागे आपली पदवी गुंडाळून ठेवणारे कित्येक होते.

२२/
छ्वे छि-वॉन परतला, पण त्याच्यासाठी जागा केली गेली नाही. यी ते-ग्यू परतले, कारण जागा केली गेली. दोघांनीही बाहेर जाऊन शिकण्यात काहीच वावगे केले नव्हते. परतणाऱ्याला काय मिळेल हे ठरवणे त्या वेळी राज्याच्या हाती होते, आणि आजही बहुतांशी आहे.

कुठल्याही देशातील शिकलेली मुले रांगेत उभी राहून पारपत्र घेत असतील, तर त्यांना ‘का जाता?’ असे विचारण्याआधी ‘इथे तुमच्यासाठी कोणते पद रिकामे ठेवले होते?’ हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा. तुमच्या वाचनात अशा परतलेल्या किंवा न परतलेल्या विद्वानांच्या हकिकती आल्या असतील, तर याच धाग्याखाली अवश्य जोडा.